रेडिअल जेडीआय: कीबोर्ड, बास आणि लॅपटॉपसाठी माझी पहिली पसंती, व्हायोलिनसाठी मात्र नाही

स्टेजवर कीबोर्ड, बास किंवा लॅपटॉप दिसला की माझ्या बॅगेतून सगळ्यात आधी रेडिअल कंपनीचा हिरवा जेडीआय बाहेर निघतो. हा डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल थेट मिक्सिंग कन्सोलला देणारी छोटी पेटी. मी लाइव्ह कार्यक्रमांचं साउंड मिक्सिंग करते. माइक, स्पीकर, कन्सोल यांच्याबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, पण वाद्य आणि कन्सोल यांच्यामध्ये बसणाऱ्या या बॉक्सबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र त्याच्याबद्दल मनापासून लिहायचंय. चुकीच्या डीआयने बिघडवलेला आवाज पुढे कुठल्याही इक्वलायझरने पुरता सुधारत नाही. योग्य डीआय असला, तर इक्वलायझरकडे हात जायची वेळही कमीच येते.

हा बॉक्स लागतोच कशाला, ते आधी सांगते. इलेक्ट्रिक गिटार किंवा बासच्या साध्या मॅग्नेटिक पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) समोर भरपूर इम्पीडन्सचा, म्हणजे सिग्नलला जास्त विद्युत अडथळा करणारा इनपुट हवा असतो. म्हणून तर गिटार अँपचा इनपुट साधारण 1 मेगाओहम, म्हणजे 10 लाख ओहमचा ठेवतात. कन्सोलचा लाइन इनपुट बहुतेक वेळा 10 हजार ओहमच्या आसपास आणि माइक इनपुट दीड-दोन हजार ओहमचा. पिकअप तिथे सरळ जोडला की त्याच्यावर जास्तीचा भार पडतो, वरची धार निघून जाते आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो. दुसरी अडचण लांबीची. जॅकची वायर अनबॅलन्स्ड असते (सिग्नलची एकच तार आणि भोवती शील्ड) आणि गिटारच्या वायरला मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, तो वरची धार आणखी खातो. पाच-सहा मीटरपर्यंत निभावतं, स्टेजपासून कन्सोलपर्यंतच्या अंतराला नाही. डीआय सिग्नलचा इम्पीडन्स खाली आणतो आणि तो बॅलन्स्ड करून, म्हणजे दोन तारांत उलट-सुलट वाटून, एक्सएलआरवर (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीवर) देतो. मग 2 आणि 3 नंबरच्या पिनांवर वाटेत जो गोंगाट सारखाच शिरतो, तो कन्सोलच्या इनपुटला वजा होऊन जातो. सिग्नल मल्टिकोअरमधून (स्टेज ते कन्सोल जाणाऱ्या जाड केबलमधून) कितीही लांब गेला तरी त्याचा पोत टिकून राहतो.

काही कन्सोलवर एखाद-दोन चॅनेलला हाय-झेड, म्हणजे इनपुटचा इम्पीडन्स वाढवणारं बटण असतं. कन्सोल वाजवणाऱ्याच्या शेजारीच असेल, तर ते वापरा, डीआयची गरज नाही. पण त्याने फक्त इम्पीडन्सचा प्रश्न सुटतो. वायर अनबॅलन्स्डच राहते आणि ग्राउंडही जोडलेलाच राहतो.

आता जेडीआय. हा पॅसिव्ह बॉक्स आहे. बॅटरी नाही, फँटम पॉवर (कन्सोलकडून माइकच्या वायरमधून येणारी वीज) नाही, लुकलुकणारा दिवा नाही. आत जेन्सेनचा जेटी-डीबी-ई हा ट्रान्सफॉर्मर आहे आणि बॉक्सचे पैसे खरं म्हणजे त्याचेच. डीन जेन्सेन यांनी उभी केलेली ही ट्रान्सफॉर्मरची कंपनी. त्यांच्यानंतर ती बिल व्हिटलॉक यांनी सांभाळली. ग्राउंडिंग आणि हमिंग या विषयांवर व्हिटलॉक यांनी केलेलं लेखन आजही साउंडवाले आवर्जून वाचतात. 2014 मध्ये कॅनडाच्या रेडिअल इंजिनिअरिंगने जेन्सेन कंपनीच विकत घेतली. ट्रान्सफॉर्मर वापरून वाद्य थेट कन्सोलमध्ये घेणं मात्र त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. 1960 च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन यांचा बास अँपसमोर माइक न लावता असाच थेट घेत. तिथला तो भरीव, जवळून ऐकू येणारा बास ज्यांनी कान देऊन ऐकलाय, त्यांना ट्रान्सफॉर्मर या वस्तूबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर 12 ला 1 आहे. बॉक्सचा पुढचा सगळा स्वभाव या एका आकड्यातून ठरतो. व्होल्टेज बारा पट कमी होतं, म्हणजे सुमारे 21.6 डेसिबल. अधिक 4 डीबीयूने (डीबीयू हे सिग्नलच्या व्होल्टेजचं डेसिबलमधलं माप) वाजणारा कीबोर्ड कन्सोलच्या माइक इनपुटला उणे 18 डीबीयूच्या आसपास पोचतो. हे माइक प्रीअँपसाठी (इनपुटवर सिग्नल वाढवणाऱ्या भागासाठी) अगदी सोयीचं. गेन थोडा उघडला की पुरतं, आणि वाजवणाऱ्याने अचानक जोर लावला तरी क्लिप व्हायला बरीच जागा शिल्लक राहते. तरीही जास्त वाटलं, तर सिग्नल कमी करणारं 15 डेसिबलचं पॅड आहेच. साध्या पॅसिव्ह बासचा सिग्नल मात्र मुळातच लहान. तो आणखी खाली येतो आणि प्रीअँपला चांगला 40 डेसिबलच्या घरातला गेन द्यावा लागतो. आजच्या कुठल्याही बऱ्या कन्सोलला त्याचं काही वाटत नाही. प्रीअँपच फुसफुसणारे असतील, तर हळू वाजणाऱ्या बासमध्ये ती फुसफुस ऐकू येईल, हे धरून चाला.

व्होल्टेज बारा पट कमी होतं तसा इम्पीडन्स बाराच्या वर्गाने बदलतो, म्हणजे 144 पट. कंपनी जेडीआयचा इनपुट 140 किलोओहम सांगते. हा आकडा एकट्या बॉक्सचा नसतो. कन्सोलचा माइक इनपुट ट्रान्सफॉर्मरमधून मागे वाद्याला दिसतो, तोही 144 पट मोठा होऊन. समोर एक हजार ओहमचा भार असेल, तर वाद्याला साधारण 144 हजार ओहम दिसतात. आता समजा, तुमच्या स्टेजवर मुख्य कन्सोल वेगळा आणि मॉनिटरचा वेगळा आहे आणि डीआयचा एक्सएलआर नुसत्या वाय केबलने (एकाचे दोन फाटे करणाऱ्या) दोघांत वाटलाय. दोन हजार ओहमचे दोन इनपुट समांतर आले की हजारच उरतात. तिसरा रेकॉर्डिंगवाला तिथेच लटकला, तर आणखी कमी. बास दुपारी मोकळा वाजत होता आणि संध्याकाळी तोच बास दबका झाला, असं मी पाहिलंय, आणि मधल्या वेळात बदल फक्त या वाटणीत झाला होता. पॅसिव्ह डीआय वापरायचा तर सिग्नल पुढे किती ठिकाणी जातोय, ते विचारून घ्या. कीबोर्डला याचा त्रास होत नाही, त्याचा आउटपुट दमदार असतो. त्रास साध्या पिकअपलाच.

त्याच धाग्यातली थ्रूची गोष्ट. वाद्याचा सिग्नल तसाच पुढे अँपला देणारा थ्रू जॅक इनपुटला आतून सरळ जोडलेला असतो. गिटार डीआयमध्ये आणि तिथून अँपला गेली, की पिकअपला अँपचा 1 मेगाओहम आणि डीआयचे 140 किलोओहम असे दोन्ही समांतर दिसतात. हिशेब केला तर 123 किलोओहम उरतात. कान तयार असलेला गिटारवादक लगेच म्हणतो, "आज वरचा टोन कमी वाटतोय." तो म्हणतो ते बरोबर असतं. अशा वेळी डीआय पेडलबोर्डच्या पुढे लावायचा. बोर्डवर एखादा बफर (पिकअपला पुढच्या भारापासून वेगळं ठेवणारं सर्किट) असलेला पेडल असला, की मग त्याच्यापुढच्या भाराची पिकअपला फिकीर राहत नाही.

आवाजाबद्दल बोलायचं तर मला जेडीआय खालच्या पट्टीत ओळखू येतो. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरचा ताण लेव्हल वाढली की वाढतो आणि फ्रीक्वेन्सी कमी झाली तरी वाढतो. तीच लेव्हल ठेवून एक सप्तक खाली उतरलं, की ताण दुप्पट. चार तारांच्या बासची सगळ्यात खालची ई तार 41 हर्ट्झची आणि पाच तारांच्या बासची बी 31 हर्ट्झची. लहान गाभ्याचे स्वस्त ट्रान्सफॉर्मर तिथेच दम सोडतात. खर्जातला सूर फुगतो, चिकटतो, नेमका कुठला सूर वाजला ते कळत नाही. असा एक बॉक्स माझ्या हाताखालून गेलाय. त्याच्यावर पियानोचा डावा हात म्हणजे नुसता गोळा वाटायचा. जेडीआयवर त्याच कीबोर्डचा तोच पियानो लावला, की खालच्या तीन सुरांतला प्रत्येक सूर वेगळा निघतो आणि हॅमरचा ठोका त्याच्या जागेवर राहतो. जोर वाढवत नेला तर हा ट्रान्सफॉर्मर एकदम फाटत नाही, हळूहळू जाड होत जातो. बासला ती जाडी शोभून दिसते. इथे मी अगदी पक्षपाती आहे: बास रेकॉर्ड करताना मला अॅक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणाऱ्या डीआयच्या स्वच्छतेपेक्षा ही जाडी हवी असते.

पण ज्याच्यासाठी मी हा बॉक्स कुणालाही निःसंकोच सुचवते, तो गुण म्हणजे त्याची शांतता.

लॅपटॉपचं उदाहरण घ्या. चार्जर काढला की आवाज स्वच्छ, चार्जर लावला की किणकिण सुरू, आणि माउस हलवला की त्या किणकिणीची चाल बदलते. कीबोर्डच्या अडॅप्टरचं आणि ऑक्टापॅडचंही तेच, फक्त तिथे बहुधा 50 आणि 100 हर्ट्झची हमिंग असते. कारण एकच. स्टेजवरचं उपकरण एका ठिकाणी अर्थ (ग्राउंड) होतं, कन्सोल दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यांना जोडणाऱ्या वायरच्या शील्डमधून दोन्हींमधल्या फरकाचा करंट वाहायला लागतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेटोळ्यांना जोडणारी तारच नसते. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो. ग्राउंडची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं, की शील्डचा उरलेला धागाही तुटतो आणि किणकिण थांबते. जेन्सेनच्या या ट्रान्सफॉर्मरमध्ये वेटोळ्यांना फॅरडे शील्ड आहेत आणि वरून म्यू-मेटल या चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूचं कवच. फॅरडे शील्ड नसतील तर एका वेटोळ्यातून दुसऱ्यात कपॅसिटन्सने उंच पट्टीचा कचरा झिरपतो. लॅपटॉपच्या चार्जरचा कचरा नेमका त्याच पट्टीतला. नुसता कुठलाही ट्रान्सफॉर्मर लावून हमिंग गेली तरी किणकिण उरते, ती यामुळे. जेडीआयवर ती उरलेली मला ऐकू आलेली नाही.

लिफ्ट नेहमी दाबूनच ठेवायचं असं मात्र नाही. साधी गिटार एकटीच डीआयमध्ये आली असेल, थ्रूला अँप नसेल, तर त्या गिटारला अर्थ मिळायची वाट फक्त कन्सोलकडूनच आहे. तिथे लिफ्ट दाबलं तर गिटार अधांतरी राहते आणि हमिंग उलट वाढते. अँप जोडलेला असेल तर अर्थ तिकडून येतो, मग लिफ्ट दाबा. आणि हमिंग घालवायला कुणी प्लगची अर्थची पिन काढायला निघाला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. ती पिन वाजवणाऱ्याच्या जिवासाठी आहे. हमिंगचा बंदोबस्त लिफ्टनेच करायचा.

फँटम पॉवरशी या बॉक्सचं देणंघेणं नाही, हेही मला फार सोयीचं पडतं. लहान कन्सोलवर 48 व्होल्टचं एकच बटण सगळ्या चॅनेलना असतं. कंडेन्सर माइकसाठी ते चालू केलं, की ते व्होल्टेज सगळीकडे जातं. ट्रान्सफॉर्मर डीसी पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे लॅपटॉपचा किंवा फोनचा नाजूक आउटपुट सुरक्षित राहतो.

बांधणीबद्दल फार लिहीत नाही. 14 गेजचं स्टील, आतल्या बाजूला आय बीमसारखा सांगाडा, आणि वरचं कव्हर दोन्ही टोकांना पुढे आलेलं, त्यामुळे जॅक आणि बटणं आत सुरक्षित राहतात. पाय पडतो, केस पडतात, काही होत नाही. वजनदार आहे, पण जाड वायर जोडल्यावर हलका बॉक्स जमिनीवरून उचलला जातो, हा जागचा हलत नाही. एक काळजी घ्या. कवच असलं तरी हा बॉक्स अँपच्या डोक्यावर किंवा अडॅप्टरच्या जुडग्यात ठेवू नका. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र अगदी जवळून त्याच्यात शिरू शकतं. हातभर बाजूला सरकवला की प्रश्न मिटतो.

सिग्नलची दिशा उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण अनेक जण विसरतात. बासचा डीआय आणि बास अँपसमोरचा माइक असे दोन चॅनेल एकत्र उघडले आणि तळाचा भार वाढायच्या ऐवजी कमी झाला, तर हे बटण दाबून ऐका. माइकपर्यंत आवाज हवेतून येतो. एका मीटरला सुमारे 2.9 मिलिसेकंद लागतात, डीआयचा सिग्नल तेवढ्यात पुढे निघून गेलेला असतो. बटणाने उशीर भरून निघत नाही, पण खालच्या पट्टीत दोघांपैकी कुठली जोडणी भरीव वाटते, ते एका क्षणात समजतं.

आता व्हायोलिनकडे येते, कारण शीर्षकात मी तेच लिहिलंय.

प्रीअँप नसलेला पीझो पिकअप (दाबाची वीज करणाऱ्या स्फटिकाचा), मग तो व्हायोलिनच्या घोडीतला असो की अकूस्टिक गिटारच्या सॅडलखालचा, जेडीआयला जोडू नका. पीझो म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. तो आणि पुढचा इनपुट मिळून एक हाय-पास, म्हणजे खालच्या फ्रीक्वेन्सी कापणारा फिल्टर तयार होतो. पीझो 1,000 पिकोफॅरडचा धरला तर 10 किलोओहमच्या लाइन इनपुटवर तो जवळपास 16 किलोहर्ट्झच्या खालचं सगळं कापायला लागतो. म्हणजे काहीच उरत नाही. जेडीआयच्या 140 किलोओहमवर ही मर्यादा सुमारे 1,140 हर्ट्झ येते. 1 मेगाओहमवर 159 हर्ट्झ आणि 10 मेगाओहमवर 16 हर्ट्झ. व्हायोलिनची सगळ्यात खालची 'जी' (G) तार 196 हर्ट्झची, गिटारची खालची ई 82 हर्ट्झची. आता कान काय ऐकतील ते उघड आहे. चिरका, नाकातला, गजाच्या घासण्याचाच जास्त असा आवाज. त्या आवाजाचा दोष वादकाला किंवा वाद्याला देणारे साउंडवाले मी ऐकलेत, आणि मला ते ऐकवत नाही. वर्षानुवर्षं रियाज करून मिळवलेला सूर एका चुकीच्या बॉक्सपायी लोकांपर्यंत पोचू नये, हे मला सहन होत नाही.

त्यासाठी अॅक्टिव्ह डीआय हवा, तोही भरपूर इनपुट इम्पीडन्सचा. कंट्रीमनचा टाइप 85 यासाठी नावाजलेला आहे, त्याचा इनपुट 10 मेगाओहमचा. रेडिअलचाच पीझेड-डीआय घेतला तर त्यावर 220 किलोओहम, 1 मेगाओहम आणि 10 मेगाओहम असा निवडीचा स्विच मिळतो. व्हायोलिनला मी 10 मेगाओहमवरून सुरुवात करते. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप आधीच बसवलेला असेल, तर ही सगळी चिंता संपली. तो आउटपुट जेडीआयला छान चालतो. त्यामुळे गिटारवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: "आत बॅटरी आहे का?"

रेडिअलचा अॅक्टिव्ह जे48 माझ्याकडे आहे आणि साध्या मॅग्नेटिक पिकअपच्या बाससाठी, गिटारसाठी तो मी पुष्कळ वापरते. 220 किलोओहमचा इनपुट, 48 व्होल्टच्या फँटमवर चालतो, बॅटरीची भानगड नाही. फँटममधून मिळणारा करंट थोडाच असतो. या बॉक्सच्या आत एक स्विचिंग सप्लाय आहे, तो आतलं व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून जोरात वाजवलेल्या बासवर तो लवकर गुदमरत नाही. 80 हर्ट्झच्या आसपास खालचा भाग कमी करायचा स्विच अकूस्टिक गिटारला चांगला उपयोगी पडतो. जेडीआयच्या मानाने त्याच्यात वरची पट्टी जास्त मोकळी ऐकू येते. पॅसिव्ह जॅझ बासवर बोटांची आणि तारेची बारीक चाहूल हवी असेल, तर मी हाच लावते. मात्र 48 व्होल्ट चालू-बंद करताना चॅनेल म्यूट ठेवायचा, नाहीतर स्पीकरमधून मोठा ठोका बसतो.

कुठलाही साधा डीआय पॉवर अँपच्या स्पीकर आउटपुटला जोडू नका. त्या पातळीसाठी वेगळी तजवीज असलेले बॉक्स असतात, उदाहरणार्थ उणे 20 आणि उणे 40 डेसिबलचं पॅड असलेला बीएसएसचा एआर-133. त्याचं माहितीपत्रक वाचून, स्पीकरला समांतरच, आणि ट्यूब अँपचा स्पीकर कधीही न काढता.

जेडीआय घेणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की हा एका चॅनेलचा बॉक्स आहे. स्टिरिओ कीबोर्डला दोन लागतात. डावा आणि उजवा आउटपुट नुसत्या वाय केबलने एकत्र करून एका बॉक्समध्ये घालू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात आणि आवाज बिघडतो. एकच चॅनेल मोकळा असेल तर कीबोर्डच्या मागे बहुधा एका जॅकवर एल/मोनो लिहिलेलं असतं, तेवढाच वापरा. दोन चॅनेल एकाच पेटीत हवे असतील, तर याचाच ड्युप्लेक्स नावाचा स्टिरिओ भाऊ मिळतो. कीबोर्ड कायम एकाच जागी लागणार असेल तर तो घ्या. मी दोन सुटेच ठेवते. एखाद्या कार्यक्रमात कीबोर्ड मोनोवर भागतो आणि बास स्टेजच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, तेव्हा दुसरा बॉक्स तिकडे नेता येतो.